जाळ्याची दारे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, काव्य, राज्यकारभार, आरोग्य अशा विषयांची वर्दळ नेहमीचीच. त्या मानाने आमचा आजचा विषय फार लहान आहे, आणि तोही एका पत्र्याच्या पेटीतला. सहकारी बँकेत, नगरपालिकेच्या कचेरीत, रुग्णालयात, शाळेच्या कार्यालयात कोठल्या तरी कोपऱ्यात एक चपटी पेटी बसविलेली असते. तिच्या तोंडाशी 24 किंवा 48 भोके, त्यांत निळ्या-करड्या तारा खोवलेल्या, आणि वर बारीक हिरवे दिवे लुकलुकत असतात. तिला स्विच म्हणतात. घरातील दिव्याचे बटण ते निराळे. हा संगणकांच्या जाळ्यातला स्विच. त्याच्या प्रत्येक भोकास पोर्ट असे नाव आहे. या पोर्टाची मांडणी कशी करतात, आणि ती कोणी व कोणत्या विचाराने करावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा तर कारागिरांचा विषय, तो चारचौघांत कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, बँकेत पैसे काढावयास गेलेल्या माणसास "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असे सांगून परत पाठवितात, तेव्हा तो चारचौघांचाच विषय झालेला असतो. पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत" या उत्तरापुढे जसे काही विचारता येत नसे, तसेच आज या उत्तरापुढे विचारता येत नाही. वास्तविक कित्येकदा सर्व्हर आपल्या जागी सुखरूप असतो. खोट असते ती वाटेतील एखाद्या पोर्टात. आणि ती खोट यंत्राची नसून ठरावाची असते. पोर्टाची मांडणी म्हणजे दोन टोकांमधला करार होय. तो दोन्ही टोकांस सारखा समजलेला असावा, आणि तो कोठेतरी लिहिलेला असावा. आमचे सारे म्हणणे एवढेच आहे; पुढचे सर्व त्याचे स्पष्टीकरण समजावे.

प्रथम या पेटीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. 1973 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट या पद्धतीचा पाया घातला. तिच्यात सगळे संगणक एकाच तारेला जोडलेले असत. एकाने बोलावे, सर्वांनी ऐकावे, आणि ज्याच्यासाठी निरोप असेल त्याने तो घ्यावा. ही गावातील दवंडीची रीत. दोघे एकदम बोलू लागले की निरोपांची टक्कर होई. मग दोघांनी गप्प व्हावे, कमीअधिक वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे, असा नियम होता. नियम साधा खरा, परंतु माणसे वाढली की गोंगाट वाढावयाचाच. त्यावर उपाय म्हणून 1990 मध्ये सिलिकॉन व्हॅलीतील एका लहान कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. त्या कंपनीचे नाव ऐकून आपणांस कौतुक वाटेल. ते नाव होते 'कल्पना'. तिच्या दोन संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे मूळचे भारतीय, आणि त्यांच्या पत्नीचेच नाव कंपनीस दिलेले होते. पुढे 1994 मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली.

स्विचने दवंडीच्या जागी टपालाची रीत आणली. संगणक जे काही पाठवितो ते लहान लहान पाकिटांत बांधून पाठवितो. या पाकिटास फ्रेम म्हणतात. प्रत्येक जोडणीस कारखान्यातच 48 बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. फ्रेम आत आली की स्विच तिच्यावरील पाठविणाऱ्याचा पत्ता वाचतो, आणि हा गृहस्थ अमुक पोर्टावर राहतो, अशी नोंद आपल्या वहीत करून ठेवतो. पुढे त्या गृहस्थाच्या नावे काही आले, की ते नेमके त्याच पोर्टातून बाहेर पडते. ही नोंद बहुधा 300 सेकंद टिकते. तेवढ्या वेळात त्याची काही हालचाल दिसली नाही, तर ती पुसली जाते. पत्ता ठाऊक नसेल, किंवा निरोप सर्वांसाठीच असेल, तेव्हा मात्र स्विच आजही दवंडीच पिटतो. हे ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

स्विच दोन जातींचे असतात. एक साधा. तार खोवली की चालू. त्याला काही सांगावयाचे नाही आणि विचारावयाचे नाही. घरी किंवा लहान दुकानात तोच पुरे. दुसरा मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याला आज्ञा देता येते. कन्सोलच्या तारेने किंवा ब्राउझरमधून त्याच्या आत शिरावे, पोर्टाचा क्रमांक सांगावा, आणि एकेक गोष्ट ठरवून द्यावी: वेग किती, बोलण्याची रीत कोणती, कोणत्या गटात, तारेतून वीज द्यावयाची की नाही, दार उघडे की बंद. कारखान्यातून येताना बहुधा सगळी दारे उघडी आणि सगळी एकाच गटात असतात. ज्याने काहीच ठरविले नाही, त्याचेही म्हणून काही ठरलेलेच असते. फक्त ते ठरविणाऱ्याने त्याची कचेरी कधी पाहिलेली नसते.

आता पहिली मांडणी घेऊ, वेगाची आणि बोलण्याच्या रीतीची. वेग म्हणजे सेकंदाला 10, 100 किंवा 1000 मेगाबिट. हल्ली त्याहूनही अधिक. बोलण्याच्या रीती दोन. हाफ डुप्लेक्समध्ये एका वेळी एकानेच बोलावयाचे. फुल डुप्लेक्समध्ये दोघांनी एकाच वेळी बोलावे आणि ऐकावेही. पहिली रीत एकेरी पुलाची, दुसरी दुपदरी पुलाची. तारेच्या दोन्ही टोकांनी आपसांत बोलणी करून वेग व रीत ठरवावी, ही सोय 1995 च्या 100 मेगाबिटांच्या मानकाबरोबर आली. तिला ऑटो-निगोशिएशन म्हणतात.

आरंभीच्या वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची ही बोलणी कित्येकदा फिसकटत. म्हणून जाणते लोक पोर्टाचा वेग 100 आणि रीत फुल अशी हाताने बांधून टाकीत. त्या काळी हा सल्ला गैर नव्हता. परंतु दोन्ही टोके बांधली तरच तो हिताचा होता, हे पुढे विसरले गेले. एक टोक बांधले आणि दुसरे बोलणीवर सोडले, म्हणजे काय होते पाहा. बांधलेले टोक बोलणी करतच नाही. दुसऱ्या टोकास तारेवरील संकेतांवरून वेग ओळखता येतो, पण समोरच्याची रीत ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ डुप्लेक्स धरून चालावे, असा मानकाचा नियम आहे. तो तो पाळतो. झाले! आता एक टोक दुपदरी पूल समजून बेधडक गाडी घालते, आणि दुसरे तोच पूल एकेरी समजून समोरून कोणी येताना दिसले की टक्कर झाली असे मानून आपली गाडी मध्येच सोडून देते. दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे बिनचूक वागतात, आणि म्हणूनच गोंधळ होतो.

यातील सर्वांत वाईट भाग असा की, जाळे बंद पडत नाही. दिवा हिरवाच राहतो. तपासणीसाने चार लहान निरोप पाठवून पाहिले, तर चारही सुखरूप पोहोचतात, कारण पुलावर गर्दी नसते. सकाळी अकरा वाजता कचेरी भरली, मोठ्या फाइली धावू लागल्या, की काम गोगलगायीसारखे चालते. मग संगणकास दोष द्यावा, सर्व्हर बदलावा, नवी तार टाकावी, आणि यांपैकी कशानेही काही फरक पडू नये! खरे कारण स्विच स्वतःच सांगत असतो. त्याला विचारले मात्र पाहिजे. मॅनेज्ड स्विच प्रत्येक पोर्टाचे हिशेब ठेवतो. हाफ बाजूच्या हिशेबात उशिरा झालेल्या टकरी वाढत जातात, आणि फुल बाजूच्या हिशेबात मोडक्या फ्रेमी. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले, की दोन मिनिटांत निदान होते. उपायही एका ओळीचा आहे: दोन्ही टोके बोलणीवर सोडावीत, एखादे जुने यंत्र तसे करू देत नसेल, तर दोन्ही टोके एकाच मापाने बांधावीत. तांब्याच्या तारेवरील 1000 मेगाबिटांसाठी 1999 मध्ये जे मानक ठरले, त्यात तर बोलणी सक्तीचीच आहेत, कारण दोघांपैकी कोणाच्या घड्याळाने चालावयाचे हेही त्या बोलणीतच ठरते.

दुसरी मांडणी गटांची. या गटांस व्हीलॅन म्हणतात. समजा, नगरपालिकेच्या एकाच इमारतीत हिशेबखाते आहे, वाचनालय आहे, आणि दारादारांवर कॅमेरे आहेत. स्विच एकच. काहीच ठरविले नाही, तर वाचनालयात बसलेल्या अनोळखी पाहुण्याचा संगणक आणि हिशेबनिसाचा संगणक एकाच ओसरीवर बसलेले असतात. एकाची दवंडी दुसऱ्याला ऐकू जाते. पोर्टांस गटांचे क्रमांक दिले, म्हणजे त्याच पेटीत न दिसणाऱ्या भिंती उभ्या राहतात. 10 क्रमांकाचा गट हिशेबाचा, 20 वाचनालयाचा, 30 कॅमेऱ्यांचा, असे ठरविता येते. एका गटातून दुसऱ्यात जावयाचे, तर राउटरच्या देवडीवरूनच जावे लागते, आणि तेथे कोणास सोडावे याचे नियम घालता येतात. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकाप्रमाणे असे 4094 गट करता येतात. आपल्या कामाला पाच-दहा पुष्कळ झाले.

ज्या पोर्टाला एकच संगणक जोडलेला असतो, त्याला एकच गट पुरतो. त्या पोर्टास अ‍ॅक्सेस पोर्ट म्हणतात. दोन स्विचांना जोडणाऱ्या तारेतून मात्र सर्व गटांची रहदारी एकत्र जाते. तो ट्रंक पोर्ट. ट्रंकवरून जाताना प्रत्येक फ्रेमला चार बाइटांची चिठ्ठी लावतात आणि तीवर गटाचा क्रमांक लिहितात. पलीकडचा स्विच चिठ्ठी वाचून फ्रेम त्या त्या गटात सोडतो. येथेही कराराचीच गोष्ट आहे. या टोकाने 30 क्रमांक सोडावयाचा ठरविला आणि त्या टोकाच्या यादीत तो नसला, की पलीकडच्या मजल्यावरील कॅमेरे तेवढे आंधळे होतात, बाकी सर्व सुरळीत चालते. बिनचिठ्ठीची फ्रेम कोणत्या गटाची समजावी, याविषयी दोन टोकांचे मत निराळे असेल, तर एका गटाचा माल गुपचूप दुसऱ्या गटात उतरतो. पहिल्या चुकीची तक्रार निदान कानांवर येते. दुसरीची कोणी करीतच नाही, म्हणून ती अधिक घातक.

तिसरी गोष्ट वेटोळ्याची. एखाद्या खोलीत पोर्ट एक आणि संगणक चार असतात, तेव्हा कोणीतरी बाजारातून लहानसा साधा स्विच आणून ठेवतो. त्याची एक तार सुटी लोंबकळत असते. एखाद्या नीटनेटक्या स्वभावाच्या मनुष्यास ते पाहवत नाही, आणि तो ते टोक जवळच्या रिकाम्या भोकात खोवून देतो. हेतू चांगला, पण जाळ्यात वेटोळे तयार होते. मघाशी सांगितलेली दवंडी आता त्या वेटोळ्यात फिरू लागते. फ्रेमवर वयाची नोंद नसते. इतके मुक्काम झाले, आता मर, असे तिला सांगणारा कोणी नाही. एकीच्या अनेक होतात, सर्व पोर्टांतून धावतात, आणि काही क्षणांत सबंध इमारतीचे जाळे स्वतःच्याच आवाजाने बधिर होते.

यावर इलाज शोधला तो रेडिया पर्लमन या विदुषींनी, 1985 मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना. स्विचांनी एकमेकांस ठरावीक वेळाने निरोप पाठवावे, त्यांवरून कोठे वेटोळे आहे ते ओळखावे, आणि जास्तीची वाट आपण होऊन बंद ठेवावी, म्हणजे जाळ्यास झाडाचा आकार येतो: फांद्या पुष्कळ, वेटोळे नाही. या पद्धतीला स्पॅनिंग ट्री म्हणतात. तिच्या जुन्या प्रकारात नवी तार लावल्यावर पोर्ट 30 सेकंद खात्री करून घेई व मगच वाट मोकळी करी. म्हणून जेथे फक्त संगणक लागणार, त्या पोर्टास 'हा काठावरचा पोर्ट आहे, थांबू नको' असे सांगण्याची मांडणी असते. तिच्या जोडीला पहारा ठेवावा लागतो: अशा पोर्टावर स्विचांचा निरोप ऐकू आलाच, तर तो पोर्ट तत्काळ बंद करावा. या पहाऱ्यास बीपीडीयू गार्ड म्हणतात. पहारा असला, तर त्या नीटनेटक्या गृहस्थाच्या खोलीपुरतेच काम बहुधा थांबते. पहारा नसला, तर सर्वांचे थांबण्याची भीती असते.

हे सर्व पुस्तकी वाटत असेल, तर एक घडलेली हकीकत सांगतो. अमेरिकेत बॉस्टन येथे बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर हे मोठे रुग्णालय आहे. नोव्हेंबर 2002 मध्ये तेथील जाळे कोलमडले, आणि सुमारे चार दिवस ते धडपणे उभे राहीना. तपासण्यांचे निकाल, औषधांच्या आज्ञा, रुग्णांची टिपणे, जे जे संगणकावर होते ते ते पुन्हा कागदावर आणि माणसांच्या पायांवर आले. यंत्रे काही मोडलेली नव्हती. वर्षानुवर्षे तुकड्यास तुकडा जोडीत ते जाळे वाढले होते, आणि स्पॅनिंग ट्रीने जेवढा पसारा सांभाळावा त्याच्या पलीकडे गेले होते. त्यावर डेटाचा एक मोठा लोंढा आला, आणि तोल गेला. या हकीकतीतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. रुग्णालयाचे माहिती-विभागप्रमुख जॉन हालम्का यांनी ती झाकली नाही. इतरांनी शिकावे म्हणून ती उघडपणे सांगितली. आपल्याकडे अशा वेळी फलक लागतो, 'तांत्रिक कारणामुळे काम बंद आहे'. तांत्रिक कारण म्हणजे कोणते, हे सांगण्याची चाल पडली, तर पुष्कळ सुधारणा आपोआप होतील.

चौथी गोष्ट विजेची आणि कुलपाची. हल्ली कॅमेरे, टेबलावरचे फोन, छतावरची वाय-फायची यंत्रे यांस स्विच त्याच तारेतून वीज पुरवितो. 2003 च्या मानकात पोर्टामागे 15.4 वॉट, 2009 च्या मानकात 30 वॉट आणि 2018 च्या मानकात 90 वॉटपर्यंत वीज देण्याची तरतूद आहे. पण पोर्टाचे वॉट निराळे आणि पेटीचे एकूण वॉट निराळे. समजा, 24 पोर्टांच्या स्विचाजवळ एकूण 370 वॉट आहेत. प्रत्येकास 15.4 प्रमाणे चोविसांनाही पुरतात. प्रत्येकास 30 लागले, तर बारांनाच पुरतात. मग तेरावा कॅमेरा लावल्यावर कोणता विझावा? हा अग्रक्रम पोर्टापोर्टावर लिहून देता येतो. तो दिला नाही, तर पेटी आपल्या मताने ठरविते, आणि तिला तिजोरीचा कॅमेरा आणि व्हरांड्यातला कॅमेरा सारखेच. कुलपाचे म्हणाल, तर जो पोर्ट वापरात नाही तो बंद ठेवावा. सभागृहाच्या भिंतीतील मोकळे भोक हे मागच्या गल्लीत उघडणाऱ्या दारासारखे आहे. ते वापरात ठेवणे भागच असेल, तर आधी ओळख पटवून मगच आत घेण्याची मांडणी करता येते.

शेवटची गोष्ट लिहिण्याची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक पोर्टाला वर्णनाची एक ओळ जोडता येते: 'रोखपाल, पहिली खिडकी', 'जिन्यावरील कॅमेरा'. ही ओळ लिहिण्यास अर्धे मिनिट लागते, म्हणूनच ती कोणी लिहीत नाही. शिवाय पुष्कळ स्विचांत केलेला बदल तत्काळ लागू होतो, पण तो आठवणीपुरताच असतो. जतन करण्याची आज्ञा निराळी द्यावी लागते. ती दिली नाही, तर सहा महिने सर्व ठीक चालते, आणि मग एके दिवशी वीज जाते. वीज परत येते, स्विच उठतो, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या जुन्या मांडणीने कामाला लागतो. ज्याने बदल केला तो मनुष्य तोवर दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो. आपल्या संस्थांचे कित्येक ज्ञान असेच एका माणसाच्या डोक्यात राहते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. बँकेची तिजोरी एका किल्लीवर कोणी ठेवीत नाही. मग तिचे जाळे एका स्मरणशक्तीवर का ठेवावे?

हल्ली असे स्विच निघाले आहेत की, त्यांची मांडणी दूरच्या एका केंद्रातून पडद्यावर पाहून करता येते. सोय मोठी आहे. पण पडदा कितीही सुंदर असला, तरी कोणते दार कोणासाठी, हा प्रश्न तो सोडवीत नाही. तो तुम्हांलाच विचारतो.

आपण येथे बसलेल्यांपैकी कोणी बँकेचे सभासद आहेत, कोणी शाळेच्या मंडळावर आहेत, कोणी नगरसेवक असतील. आपण स्विचासमोर बसून आज्ञा लिहाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारतो, त्या अधिकाराने चार प्रश्न विचारावे. कोणता पोर्ट कोणाचा, याची यादी आहे काय? पाहुण्यांचे जाळे आणि हिशेबाचे जाळे वेगळे केले आहे काय? मांडणीची प्रत पेटीच्या बाहेर, दुसऱ्या जागी जतन केली आहे काय? आणि ज्या एका माणसाला हे सर्व ठाऊक आहे तो उद्या आजारी पडला, तर ती यादी वाचून काम चालविणारा दुसरा कोण? या प्रश्नांस खर्च नाही. उत्तरे देता आली, तर संस्था जागी आहे असे समजावे. देता आली नाहीत, तर हिरव्या दिव्यांवर विसंबून न राहता एक वही विकत घ्यावी आणि पहिल्या पोर्टापासून लिहावयास आरंभ करावा.